आधी वाचून दाखवा

आमच्या गावच्या वाचनालयात एक लाकडी स्टूल होतं. त्यावर वाचक बसत नसत. ते तक्रार करणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. कुणी दारातूनच ओरडत आलं, "बाई, असली पुस्तकं ठिवता व्हय तुमी इथं?" की मिसाळ बाई हातातलं काम खाली ठेवत आणि ते स्टूल पुढं सरकवत. कुठलं पुस्तक ते विचारत. मग स्वतः उठून कपाटातून ते काढून आणत, त्या माणसाच्या हातात देत आणि म्हणत, "बसा. आक्षेप कुठल्या पानावर हाय, ते काडा. आधी वाचून दाखवा. मोठ्यानं. मग बोलू."

बहुतेकांना पान सापडत नसे. कारण पुस्तक त्यांनी पाहिलेलंच नसे, कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असे. एकदा एक गृहस्थ तावातावानं सांगत आले की, लहान मुलांच्या एका गोष्टीत गणपतीच्या उंदराला चोर म्हटलंय. बाईंनी स्टूल दिलं. त्यांनी गोष्ट शोधली, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, मध्येच उंदराच्या कुठल्याशा करामतीवर त्यांना हसू आलं, मग त्यांचा आवाज बारीक झाला आणि ते मनातल्या मनात वाचू लागले. वाचनालय बंद करायची वेळ झाली तेव्हा ओशाळून म्हणाले, "बाई, शेवट ऱ्हायलाय. घरी निऊ का?" बाईंनी नोंद करून पुस्तक दिलं. मशिदीकडच्या गल्लीतून एक काका एका कथेबद्दल आले होते, बौद्धवाड्यातली दोन पोरं एका चरित्राबद्दल आली होती. सगळ्यांना तेच स्टूल. ज्याला वाचता येत नसे त्याला बाई स्वतः ते पान वाचून दाखवत. नियम मात्र कुणासाठी वाकवला नाही.

मिसाळ बाई डी.एड. झालेल्या होत्या, पण शिक्षिकेची नोकरी त्यांना कधी मिळाली नाही. नवरा एस.टी.त मेकॅनिक होता, तो लवकर गेला. मग त्यांनी ग्रंथालयाचं प्रमाणपत्र घेतलं आणि ग्रामपंचायतीमागच्या खोलीत वाचनालय चालवू लागल्या. ती खोली आधी बियाणांचं गोदाम होती. पावसाळ्यात भिंतींना अजूनही पोत्यांचा वास यायचा. आमचं गाव नांदूरघाटाच्या पुढं, डोंगराच्या कडेला. बीडला जायचं तर मांजरसुंब्यावरून दोन गाड्या बदलाव्या लागतात. अशा गावात वर्तमानपत्र दुपारी पोचायचं आणि बाई ते फळीवर ठेवायच्या आधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या, जाहिरातींसकट.

माझे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. मी आजीजवळ राहायचे आणि शाळा सुटली की वाचनालयात. तिथं पंखा होता हे एक कारण. दुसरं कारण बाई. त्या आम्हा पोरींना गोष्ट वाचायला देत आणि मग विचारत, "राणीनं असं केलं, ते कावून?" आम्ही म्हणायचो, पुस्तकात तसं लिहिलंय. "पुस्तकात लिवलंय म्हून करती व्हय? कावून केलं ते इचारा की गं!" घरी कुठल्याही गोष्टीला 'कावून' विचारलं तर पाठीत धपाटा बसायचा. बाईंकडं विचारलं नाही तर ओरडा बसायचा. आमच्या घराण्यात पहिली पदवी मी मिळवली, आज बीडच्या एका शाळेत शिकवते, आणि वर्गात पहिला तास घेताना जो शब्द फळ्यावर लिहिते तो 'का' आहे. तो बाईंचा आहे.

त्यांची अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं ती फार महागात पडली. बाई वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालत आणि ते जुन्या कॅलेंडरचं असे. खताच्या दुकानाची, सोनाराची, बियाणांच्या दुकानाची मोठी कॅलेंडरं. पुढच्या बाजूला देवाचं गुळगुळीत चित्र, मागची बाजू कोरी. कोरी बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे त्यावर पुस्तकाचं नाव लिहिता येतं. देव आत. गावातली सगळी पोरं शाळेच्या पुस्तकांना अशीच कव्हरं घालतात, माझ्या गणिताच्या पुस्तकात कायम शंकर असायचे. बाई गमतीनं म्हणायच्या, "आत देव बसिवलाय, म्हून तर जपून हाताळते मी."

एका वर्षी त्यांनी एक पातळसं पुस्तक मागवलं. एका डॉक्टरबाईंनी साध्या भाषेत लिहिलेलं, बायकांच्या शरीराबद्दल. पाळी काय असते, गर्भाशय कुठं असतं, कसलं दुखणं अंगावर काढू नये, असं सगळं. मध्ये एक आकृती होती, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते तितकीच. बाईंनी त्याला खताच्या दुकानाच्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. आत कमळावर उभी लक्ष्मी.

गर्भाशयाला आमच्याकडं पिशवी म्हणतात. आणि आमच्या भागात पिशवी काढणं ही इतकी रोजची गोष्ट आहे की, बायका विहिरीवर एकमेकींना विचारतात, "तुजी काढली का गं?" ऊसतोडीच्या फडात पाळीचा त्रास म्हणजे खाडा. खाडा पडला, मजुरी बुडाली की टोळीचा मुकादम बोलतो, नवरा बोलतो. मग अंगावरून पांढरं जातंय म्हणून एखादी दवाखान्यात गेली की डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. ती बाई पोटाला टाके घालून येते आणि पुढच्या हंगामाला मोळी उचलते.

माझी द्वारका काकू अशीच निघाली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ती बाईंना सांगायला गेली, कारण दोघी बालपणापासूनच्या मैत्रिणी. बाईंनी तिला ते पुस्तक वाचून दाखवलं. काकूनं एकच पान तीनदा वाचायला लावलं. मग ती त्या दवाखान्याऐवजी बीडच्या सरकारी दवाखान्यात गेली, तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या, आणि काकू बरी झाली. पिशवी जागच्या जागी राहिली.

काकू गप्प बसणारी नाही. तिनं साऱ्या टोळीला सांगितलं. दुपारच्या वेळी, पुरुष झोपलेले किंवा पारावर बसलेले असताना, बायका वाचनालयात येऊ लागल्या. ज्या बायकांनी जन्मात त्या खोलीची पायरी चढली नव्हती, त्या दार लोटून बसत आणि बाई वाचत. चित्राचं पान आलं की आधी तोंडावर पदर, मग हसू, मग सगळ्या पुस्तकावर ओणव्या. एका म्हातारीनं त्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "एवढीशीच असती व्हय गं? अन् हिच्यापायी एवढं?" बाई म्हणाल्या, "एवढीशीच. अन् तीबी ठिवत न्हाईत तुमच्याकडं."

त्या बायकांत काकूच्या शेजारची मंगल होती. पंचविशीच्या आतली, दोन लेकरांची आई, सातवीपर्यंत शिकलेली. तिचं ऑपरेशन ठरलं होतं, गावचा सप्ताह उरकला की. काकूनं तिच्या सासूला समजावून पाहिलं. सासू म्हणाली, "तू डाक्टरपेक्षा शाणी झालीस व्हय?" मंगल बाईंजवळ येऊन म्हणाली, "तोंडचं कोण आयकतंय, बाई. छापलेलं असलं तर आमच्या आत्याबाई आयकतील. त्यांच्यासमोर ते पान वाचता का?" ठरलं. हंगाम संपला होता, टोळ्या गावातच होत्या, सासूही. एखाद्या दुपारी मंगल तिला घेऊन येणार होती.

सप्ताह म्हणजे सात दिवस भजन, कीर्तन, पंगती, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. त्या वर्षी डोंगरापलीकडच्या मठाचे महाराज सातही दिवस येणार होते. मी त्यांचं नाव लिहिणार नाही. त्यांची गाडी बंद काचांची. हात जोडले की अंगठ्या एकमेकींवर आपटायच्या आणि तो आवाज माईकवरून ऐकू यायचा. गळा गोड होता, हे मान्य करते. त्या गोड गळ्यानं ते आजूबाजूच्या गावांत काय काय बंद पाडत आले होते! त्यांनी कीर्तनात एका मालिकेचं नाव घेऊन नाक मुरडलं, केबलवाल्यानं ते चॅनलच काढून टाकलं. त्यांनी एका शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाबद्दल 'ऐकलं' म्हणे, मुख्याध्यापकांनी पोरांना आयत्या वेळी भांगडा करायला लावला. कुणी आदेश काढला नाही, कुठं कायदा झाला नाही. महाराजांनी भुवई उचलायची आणि बाकीच्यांनी आपापल्या हातानं गळा दाबायचा. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा.

महाराजांची झोळी प्रसिद्ध होती. काल्याच्या दिवशी ती मंडपात फिरायची. "तुमचं व्यसन माझ्या झोळीत टाका," असं म्हटलं की माणसं तंबाखूच्या पुड्या, बिड्यांचे कट्टे, पत्त्यांचे जोड टाकायची आणि नंतर त्याची होळी व्हायची. संध्याकाळी तीच माणसं टपरीवर नवी पुडी फोडायची. त्यात वाईट काही नाही, माणूस आहे. पण त्या वर्षी झोळीत काहीतरी नवं हवं होतं.

वाचनालयाचे अध्यक्ष होते बप्पा. गावात शब्दाला वजन असलेले, पंगतीचा एक दिवस त्यांच्याकडं असायचा. त्यांनीच महाराजांच्या कानावर घातलं असणार. सप्ताहातल्या एका रात्री कीर्तन रंगात आलं आणि महाराज टाळ थांबवून म्हणाले, "माय-माउल्यांनो, या गावात सरस्वतीच्या घरात बसून एक बाई तुमच्या लेकीसुनांना नागडी चित्रं दाखवते, हे खरं का?" पुरुषांच्या बाजूनं एकच गलका झाला. महाराज पुढं म्हणाले, "जे झाकायचं ते देवानं आत ठेवलं. ते पुस्तक त्या बाईनं काल्याच्या दिवशी आपल्या हातानं माझ्या झोळीत टाकावं. मी क्षमा करीन. मला राग येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात एकही बाई आली नाही. मंगलला सासूनं घराबाहेर पडू दिलं नाही.

बप्पा बाईंच्या घरी आले तेव्हा मी तिथंच होते, कॉलेजच्या सुटीत आलेली. ते खुर्चीत बसले आणि प्रेमानं म्हणाले, "बाई, एवढंसं तर पुस्तक हाय ते. टाका झोळीत अन् मोकळ्या व्हा. वाचनालय तरी ऱ्हाईल."

"तुमी वाचलंय का, बप्पा?"

"बायांचं पुस्तक मी कशाला वाचू?"

"मग घाण हाय हे कसं कळलं?"

"चित्र हाय म्हनतेत त्यात."

"हाय की. पिशवीचं चित्र हाय." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "बप्पा, कागदावर काढली तर घाण, अन् बाईच्या पोटातून कापून बादलीत टाकली तर घाण न्हाई व्हय? वैनींची कवा काढली तुमी?"

बप्पा उठले. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "जिभेला हाड न्हाई तुमच्या, बाई." बाई म्हणाल्या, "पिशवीलाबी नसतं." मला हसू फुटलं. बाईंना नाही. त्यांनी फडकं घेऊन उंबरा पुसला, तिथं काहीतरी सांडल्यासारखा.

काल्याच्या दिवशी त्या मंडपात आल्या, पांढऱ्या कव्हरचं ते पुस्तक हातात घेऊन. माणसांना वाटलं, वाकल्या. महाराजांनाही तसंच वाटलं. त्यांनी हसून झोळी स्वतः पुढं धरली. एका बाजूला पुरुष, मध्ये दोरी, एका बाजूला बायका. मी काकूजवळ बसले होते. दोन ओळी पुढं मंगल आणि तिची सासू.

बाईंनी महाराजांना नमस्कार केला आणि पुस्तक त्यांच्यापुढं उघडून धरलं. "महाराज, वाचनालयाचा एक नियम हाय. ज्याची तक्रार, त्यानं पान वाचून दाखवायचं. आधी वाचून दाखवा. मग मी सोता टाकते झोळीत."

माईक त्यांच्या जवळच असल्यानं हे सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. महाराज मागं सरकले. "ही घाण मी या तोंडानं वाचू? ज्या तोंडानं देवाचं नाव घेतो?"

"मग मी वाचते," बाई म्हणाल्या, आणि बायकांकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

कुणीतरी माईक बंद केला. पण बाईंचा आवाज वेशीपर्यंत जाणारा होता. त्या वाचू लागल्या: "अंगावरून पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. तो गोळ्यांनी बरा होतो. केवळ एवढ्या कारणासाठी..."  मंगलच्या सासूनं पदर कानामागं सारलेला मी पाहिला. ती ऐकत होती. खरंच ऐकत होती.

तेवढ्यात महाराजांनी टाळकऱ्यांकडं पाहून हात वर केला. गजर सुरू झाला. "विठ्ठल विठ्ठल विठ्ठल." टाळ, मृदंग, मग माईकही पुन्हा सुरू, आणि शेकडो गळे. बाई वाचत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. काकू उभी राहून ओरडली, "वाचू द्या की रं तिला!" तिचंही काही ऐकू गेलं नाही. मी लहानपणापासून ते नाव ऐकत आले आहे. आजी दळताना घ्यायची, बाबा फडात मोळी डोक्यावर घेताना घ्यायचे. तेच नाव एका बाईचं तोंड दाबायला फडक्यासारखं वापरलेलं मी त्या दिवशी पाहिलं. गजर करणाऱ्यांचे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर भक्ती होती.  मला राग आला नाही. रागात समोरच्या माणसाबद्दल थोडी तरी आशा असते. मला किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

एका कार्यकर्त्यानं पुस्तक हिसकावलं. ओढाताणीत कव्हर निघालं आणि उलटं होऊन खाली पडलं. कमळावर उभी लक्ष्मी. तो किंचाळला, "लक्ष्मी! लक्ष्मी गुंडाळलीया हिनं असल्या पुस्तकाला!"

गजर थांबला. आता पुरुष दोरी ओलांडून आले. इतके दिवस त्या पुस्तकाचं एक पान कुणी उघडलं नव्हतं, पण कव्हर सगळ्यांनी पाहिलं. अश्लीलतेची तक्रार त्या क्षणी मागं पडली आणि भावना दुखावल्याची पुढं आली. बाई म्हणत होत्या, "आपापल्या पोरांच्या दप्तरात बगा जाऊन! कशाची कव्हरं घातलीत?" प्रत्येकाला ते ठाऊक होतं. ज्यानं पुस्तक हिसकावलं, त्याच्या पोराच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याच दुकानाच्या कॅलेंडरचा मारुती होता. मी स्वतः पाहिला होता. पण माहीत असणं आणि बोलणं यांत आमच्याकडं फार अंतर असतं. पुस्तक झोळीत गेलं. संध्याकाळी तंबाखू आणि पत्त्यांबरोबर जळालं. लक्ष्मीचं कव्हर मात्र कुणीतरी पुसून देवळात नेऊन ठेवलं.

पोलीस ठाण्यात अर्ज गेला. तिथले साहेब म्हणाले, बाई, माफी मागा, मिटवून टाका. बप्पा माफीनामा लिहून घेऊन आले. बाईंनी त्यांना स्टूल दिलं. "वाचून दाखवा." बप्पांनी घसा खाकरून वाचला. बाई म्हणाल्या, "चांगलं लिवलंय. खाली सही तुमचीच करा." आठवडा झाला नाही तोच वाचनालयाला कुलूप लागलं, बाईंना काढल्याचा ठराव झाला. ठरावावर गावातल्या शिकलेल्या माणसांच्या सह्या होत्या. मला ज्यांनी मराठी शिकवलं त्या सरांचीही होती. पुस्तकं पोत्यांत भरून ग्रामपंचायतीच्या माळ्यावर टाकली आणि त्या खोलीत सप्ताहाची भांडी ठेवायला सुरुवात झाली. त्या कीर्तनाचं चित्रण मोबाईलवर अजूनही आहे. त्यात महाराज झोळी पुढं करतात आणि लगेच गजर ऐकू येतो. मधल्या बाई कापल्या आहेत. इतकं सफाईनं कापलंय की, पाहणाऱ्याला वाटावं तिथं कुणी आलंच नव्हतं.

सप्ताह उरकला, आणि ठरल्याप्रमाणे मंगलला दवाखान्यात नेलं. तिची पिशवी काढली. तिशीच्या आत तिचं अंग म्हातारीसारखं दुखू लागलं, भर थंडीत तिला घाम फुटायचा, मोळी उचलताना ती खाली बसायची. मुकादम म्हणायचा, "आता तर पिशवीबी न्हाई, आता काय झालं?"

बाई शेवटची वर्षं घरातच होत्या. मी गावी गेले की त्यांच्याकडं जायचे. बाई महाराजांना शिव्या देत नसत, त्यांचा विषय निघाला की फक्त तोंड बाजूला फिरवत, ताटात केस निघावा तसं. एकदा ग्रामपंचायतीच्या माळ्यावरच्या पोत्यांना वाळवी लागल्याचं मी सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "वाळवी बरी गं. ती सगळी पुस्तकं सारखी खाती. हे निवडून खातेत." मग थोड्या वेळानं विचारलं, "मंगल कशी हाय?" हा प्रश्न त्यांनी कधी चुकवला नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. वर्तमानपत्र मांडीवर, चष्मा डोळ्यांवर. गावानं शोकसभा ठेवली, आणि ती ठेवली त्याच खोलीत. पुस्तकांच्या कपाटांत पराती, पातेली, टाळांच्या जोड्या. त्यांच्यामध्ये बाईंचा हार घातलेला फोटो. बप्पा उभे राहिले. "बाईंनी या गावाला वाचायला शिकिवलं," म्हणाले. आवाज जड झाला होता, आणि मला खात्री आहे की तो खोटा नव्हता. हीच तर शिसारी आणणारी गोष्ट. मग त्यांनी महाराजांचा शोकसंदेश मोबाईलवरून वाचला. त्यात बाईंना 'विदुषी' म्हटलं होतं. माणसांनी माना हलवल्या.

मी बाईंच्या फोटोसमोर ठेवायला त्याच पुस्तकाची दुसरी प्रत नेली होती, पुण्याहून मागवलेली. ती पर्समधून काढत होते, तेवढ्यात मागून भांडी सरकवल्याचा आवाज आला. पत्रावळींच्या गठ्ठ्याखालून मंगल ते स्टूल ओढून काढत होती. तिनं ते पदरानं पुसलं, फोटोसमोर आणून ठेवलं आणि त्यावर बसली.

"माजी तक्रार हाय, बप्पा."

बप्पा गोंधळले. "आज कसली तक्रार गं? बाईंची सभा हाय ही."

"बाईंच्याच नियमानं करते." तिनं माझ्याकडं हात पसरला. "ताई, ते पान काडून द्या."

मी पान काढून दिलं. तिची सासू दाराशी बसली होती, ती पुढं सरकली. मंगलनं ओळींखाली बोट धरलं. सातवीनंतर तिनं फारसं काही वाचलं नव्हतं, शब्द एकेक करून येत होते. "अंगावरून... पांढरे जाणे... हा बहुतेक वेळा... जंतुसंसर्ग असतो. तो... गोळ्यांनी बरा होतो." खोलीतल्या बायका हळूहळू उठून तिच्याभोवती आल्या. "केवळ... एवढ्या कारणासाठी..." इथं ती थांबली. त्या दिवशी इथंच गजर सुरू झाला होता. तिनं मान वर करून कपाटातल्या टाळांकडं पाहिलं. कुणाचाही हात टाळांकडं गेला नाही.

"केवळ एवढ्या कारणासाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते."

ते वाक्य तिनं पुन्हा एकदा वाचलं, आता न अडखळता. सासूनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मंगलनं पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं आणि बप्पांकडं पाहिलं.

"वाचून दाखवलं, बप्पा. आता बोला."